अहवालाचा धनी

कुठल्याही नव्या गावात पाऊल टाकलं की ते पहिली चौकशी करायचे ती तिथल्या बंद पडलेल्या कारखान्याची. मालवणला आले त्या दिवशीही तेच झालं. मी त्यांना घ्यायला एसटी स्टँडवर उभी होते. मुंबईच्या एका सल्लागार संस्थेला आमच्या जिल्ह्याचं काजू धोरण लिहून द्यायचं काम मिळालं होतं. गावोगाव फिरून माहिती गोळा करायला संस्थेनं मला नोकरीवर घेतलं होतं, आणि धोरण लिहिणारा मोठा माणूस म्हणजे हे. उभं आयुष्य आफ्रिकेत, आशियात, कुठकुठल्या बेटांवर तिथल्या सरकारांना व्यापार कसा करावा, कुठला उद्योग वाढवावा, हे सांगण्यात गेलेलं. संस्थेनं गाडी पाठवली होती. हार घेऊन जा, असंही सांगितलं होतं.

ते गाडी नको असं कळवून एसटीनंच आले. उंच, पाठीत वाकलेले, भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, पायात नाड्या नसलेले कॅनव्हासचे बूट. हार त्यांनी भाजीच्या जुडीसारखा काखेत धरला आणि विचारलं, "हंयसर बंद पडलेलो कारखानो खंय आसा?"

एवढा मोठा साहेब मालवणी बोलेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, उद्या आपण चालू कारखाने बघणार आहोत. सगळ्यांना फोन करून ठेवलेत."

"ते उद्या आसतच गो. फोन गेल्यार सगळे झाडलोट करून बसतत. बंद आसा तेका कोण फोन करतलो?"

बंदराजवळ बर्फाचा जुना कारखाना होता, तिथे त्यांना नेलं. पत्रे उडालेले, आत बकऱ्या. ते बकऱ्यांमधून वाट काढत आत गेले. मग खाली वाकून गंजलेला एक नट उचलला, फुंकर मारली आणि खिशात टाकला. पुढे त्यांनी मालवणातच, भरडावर, भाड्यानं खोली घेतली तेव्हा खिडकीत तसल्या वस्तूंची रांगच लागलेली मला दिसली. एक कुलूप, एक बॉबिन, कुठल्यातरी साखर कारखान्यातली पितळी तोटी, ताग गिरणीतली आकड्यासारखी सुई. घरमालकीण भंगार म्हणून फेकायला निघाली होती. त्यांनी तिला हात जोडले, "बाईसाहेब, कृपा करून राहू द्या. ही माझी नातवंडं आहेत."

त्यांच्या बोलण्याची अशी उलटी तऱ्हा होती. मासे विकणाऱ्या बाईला, रिक्षावाल्याला, काजू फोडणारणीला ते 'आपण' म्हणायचे, स्वच्छ पुस्तकी मराठीत. आणि कचेरीत टाय लावलेल्या अधिकाऱ्याशी मालवणी: "रे झिला, हे आकडे तुका कोणी दिल्यान?" 'पोरा' म्हटल्यामुळे अधिकारी गोंधळायचे, काही चिडायचे. त्यांचं मूळ विजयदुर्गकडचं. लहानपणीच गाव सुटलं होतं, आणि मालवणी ते बोलले होते फक्त आईशी. त्यामुळे ते लहान पोराचं मालवणी बोलायचे. जेवायची वेळ टळली की सत्तरीचा हा माणूस भर बैठकीत म्हणायचा, "माका भूक लागली."

संस्थेच्या मॅनेजरला ते आवडत नव्हते, पण त्यांचं नाव आवडत होतं. त्या नावावर कामं मिळत.

एकदा ते मला इन्सुलीला घेऊन गेले. तिथे तपासणी नाक्यापाशी चहाच्या टपरीवर आम्ही सकाळपासून बसून राहिलो. गोव्याकडून ट्रक यायचे, थांबायचे. ते उठून जायचे, ताडपत्रीच्या फटीत नाक घालून वास घ्यायचे आणि परत येऊन सांगायचे, "फरशी. ह्यो सिमेंट. ह्यो आमचो." आमचो म्हणजे काजूचा. आफ्रिकेतून जहाजानं आलेली कच्ची बी. एका ड्रायव्हरला त्यांनी विचारलं, "आपण हे कुठे नेता?" तो म्हणाला, "जिथं मशीन मोठं, तिथं." ते परत येऊन बसले. चहा निवला तरी घेतला नाही.

"आयात शुल्क दिल्लीत ठरता," मग ते म्हणाले, "भाव खंयच्या खंय ठरता. जिल्ह्यात ठरता फक्त कोणी रडूचा तां."

आमच्या कामातला पेच हाच होता, आणि तो समजून घ्यायला मला इन्सुलीपर्यंत जायची गरज नव्हती. माझं घर मालवणपासून आत, कट्टा गावाच्या पुढे. बाबांची काजूची बाग. बाहेरची बी आली की बाबांच्या बीचा भाव पडायचा. काकी, म्हणजे माझ्या वारलेल्या काकांची बायको, आमच्याच घरात राहायची आणि गावातल्या लहानशा कारखान्यात काजू फोडायला जायची. गावची बी सरली आणि बाहेरची आली नाही की काकी घरी. म्हणून बाबांना वाटे, सरकारनं बाहेरची बी अडवावी. काकीला वाटे, येऊ द्यावी. जेवताना दोघं एकमेकांना वाढायची आणि त्याच तोंडानं भांडायची. अहवालात शेवटी लिहायचं ते एवढंच होतं: जिल्ह्यानं कुणाच्या बाजूनं उभं राहायचं, आणि सरकारी मदत कुणाला द्यायची.

मी त्यांना घरी जेवायला नेलं. चैत्राचे दिवस. आईनं ओल्या काजूची उसळ केली होती. पाहुणा आला की आमच्याकडे याहून मोठा मान नाही. त्यांनी भात खाल्ला, सोलकढी दोनदा मागून घेतली, उसळीला बोट लावलं नाही.

आईचा चेहरा उतरला. काकी गप्प राहणारी नव्हती.

"काय वो सायबानु, उसळ तिखट झाली?"

"उसळ उत्तमच असणार. मी काजू खात नाही."

"पथ्य आसा?"

"पथ्य नाही."

"मगे कित्याक खायनात?"

आई डोळ्यांनी दटावत होती. त्यांनी हात ताटातच ठेवला आणि काकीकडे बघून सांगायला सुरुवात केली. शाळेत उभं राहून उत्तर द्यावं तसं.

"समुद्राकाठचा एक देश होता. तिथेही काजू. कच्ची बी बाहेर पाठवायची तर त्यांच्या सरकारनं कर लावला होता. बी देशातच राहावी, तिथल्या कारखान्यांना मिळावी म्हणून. मला बोलावलं. मी काही आठवडे हॉटेलात राहिलो आणि लिहिलं की कर काढा. बी मोकळी होऊ दे. शेतकऱ्याला जगाचा भाव मिळेल."

"बरां केलात," बाबा म्हणाले. "शेतकऱ्याच्या बाजून लिवलात."

"मलाही तसंच वाटलं होतं."

"आणि कारखाने?" काकीनं विचारलं.

"बंद पडले. बी जहाजात बसून निघून गेली."

"शेतकऱ्याक भाव तरी गावलो?" बाबांचा आवाज खाली आला होता.

"पहिल्या हंगामात थोडा. मग तो मधल्या व्यापाऱ्यांनी खाल्ला. काही वर्षांनी मी दुसऱ्या कामासाठी त्याच देशात गेलो. ड्रायव्हरनं सहज त्या रस्त्यानं गाडी नेली. कारखान्याच्या फाटकासमोर बायका बसल्या होत्या, अंगात कारखान्याचेच डगले. त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं की परदेशातून एक साहेब येईल आणि फाटक उघडेल. मला बघून सगळ्या उठल्या. एकीनं कुठूनतरी खुर्ची आणली, हातानं पुसली आणि मला बसा म्हणाली."

"मगे?"

"मी बसलो."

काकीनंच पुन्हा विचारलं, "ती बी गेली खंय?"

"इकडे. त्या वर्षांत आपण जी बी फोडली असेल, तीत ती असणार."

काकीनं आपले हात बघितले. काजूच्या टरफलातला चीक बोटांत मुरून तिची नखं कायमची काळी झाली होती, कातडी जागोजाग सोललेली. ती म्हणाली, "म्हणजे त्या बायलांच्या हातातला काम काढून माज्या हातात दिल्यानी."

"मी दिलं."

"माका कोणी इचारूक नाय, तुका व्हया काय म्हणान."

"त्यांनाही कुणी विचारलं नाही," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

त्यानंतर त्यांचं फिरणं वाढलं. बागा, कारखाने, बँका, आठवड्याचे बाजार. पायात तेच बूट. मी दमून जायची, ते दमायचे नाहीत. पण लिहायला बसले की काही उतरत नसे. मी खोलीवर जाई तेव्हा लॅपटॉप उघडा असायचा, वर शीर्षक आणि खाली कोरं पान. एक दिवस म्हणाले, "अहवालाक डोळे नसतत गो चेडवा, पण हात लांब आसतत. खंयच्या खंय जावन गळो धरतत."

मी म्हटलं, "सर, पण काहीतरी लिहावं लागेल."

"तुज्या बापाशीचा लिवलंय तर काकी मरता. काकीचा लिवलंय तर बापूस. सांग, कोणाचा लिवू?"

मला तेव्हा ते थोरपणाचं वाटलं होतं.

ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्य कचेरीत, सादरीकरण ठरलं. मॅनेजर मुंबईहून आला, पडद्यावर रंगीत चौकोन लावले. मोठे अधिकारी बसले होते. त्यातल्या एकानं, तरुण होता आणि खरंच घाईत होता, घड्याळ बघत म्हटलं, "सर, सगळं समजलं. आता एका ओळीत सांगा. बाहेरच्या बीला पाठिंबा द्यायचा की नाही?"

ते उभे राहिले. मला वाटलं, आता भूक लागली म्हणतील.

"रे बाबा," ते म्हणाले, "एका ओळीत मी एकदा सांगलंय. परत सांगूचंय नाय." आणि कागद न घेताच सभागृहातून बाहेर पडले. मी मागे धावले. बाहेर फणसाखाली उभे होते. चेहऱ्यावर कुठलाही विजय नव्हता.

संस्थेनं त्यांना कामावरून काढलं आणि अहवाल मुंबईतच कुणाकडून तरी करून घेतला. कुणाकडून ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तो माझ्या फोनवर आला तेव्हा मी उभ्या उभ्या वाचला. कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्याच्या अहवालावर आमच्या जिल्ह्याचं नाव चढवलेलं होतं. एका पानावर तर 'जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदारांनी' असं राहूनच गेलं होतं. शिफारस मात्र स्पष्ट होती: लहान कारखाने परवडण्यासारखे नाहीत, यापुढे मदत आणि स्वस्त कर्ज फक्त मोठ्या, यांत्रिक कारखान्याला द्यावं. द्राक्षं कुणाच्या लक्षात आली नाहीत. अहवाल मंजूर झाला.

पुढचा हंगाम काकीच्या कारखान्याचा शेवटचा ठरला. बँकेनं मालकाला भांडवल दिलं नाही. त्यानं बॉयलर भंगारात घातला. आणि मग बाबांच्या लक्षात आलं की आपली बी उचलत होता तो हाच लहान कारखाना. महामार्गावरचा मोठा कारखाना बाहेरची बी घ्यायचा, त्याला कंटेनरनं माल लागे, बाबांच्या चार पोत्यांशी त्याला कर्तव्य नव्हतं. बी घरात पडून राहिली, पावसात तिला बुरशी आली. त्या वर्षी जेवताना बाबा आणि काकी भांडली नाहीत.

त्या थंडीत एका सकाळी ते आमच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभे राहिले. काम गेलं तरी मालवणातली खोली त्यांनी सोडली नव्हती, पण आमच्याकडे कुणी बोलावलं नव्हतं. काकी वाकून झाडांखालचा वाळका पातेरा गोळा करत होती.

"आपल्याला सांगायला आलो," ते म्हणाले, "तो अहवाल मी लिहिलेला नाही."

काकी सरळ झाली. मला वाटलं, ती म्हणेल, म्हायत आसा.

"नाय लिवलात, तांच वायट झाला," ती म्हणाली. "तुमी आमच्या घरात जेवलात. दोनी बाजू बगलात. वाकडेतिकडे चार शब्द लिवले असतात तरी त्या द्राक्षांपेक्षा बरे झाले असते. आमच्यातलो एक तरी जगलो असतो. तुमी आपले हात तेवढे धुवन घेतलात."

ते ऐकत राहिले. कॅनव्हासचे बूट दवानं भिजले होते. "बरोबर आहे" एवढंच म्हणाले आणि निघाले. बाबांनी चहासाठी हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नसावी. रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी मागे बघितलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी मला खोलीवर बोलावलं. मॅनेजरला फोन लावायला सांगितला आणि माझ्यासमोर बोलले, या वेळी मराठीत, ठाम. "अहवालावरून माझं नाव काढलंय ते परत घाला. लेखक म्हणून. पहिल्या पानावर."

पलीकडून मॅनेजर म्हणाला, "पण सर, तुम्ही तर तो लिहिलाच नाहीत."

"म्हणूनच."

मॅनेजरला आनंदच झाला. मी चिडले. मी म्हटलं, "सर, तुमच्या नावानं त्या कागदाला आणखी वजन येईल. लोक म्हणतील, एवढ्या मोठ्या माणसानं सांगितलंय."

"मंजूर झालेल्या अहवालाक वजन लागणा नाय," ते म्हणाले. "तेका धनी लागता. लोकांनी जावचा खंय? मुंबयेक? फोन कोणी उचलूचो नाय. शिवी घालूक तरी समोर माणूस व्हयो."

"पण तुम्ही केलं नाही हे."

"मी केलंय तेची शिवी अजून माका कोणी घालूक नाय," ते म्हणाले. मग लॅपटॉप मिटला, आणि त्या विषयावर माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत.

मालवणला एका मंगल कार्यालयात बागायतदारांनी आणि बंद पडलेल्या कारखान्यांतल्या बायकांनी सभा बोलावली. कचेरीतून कुणी आलं नाही, संस्थेतून कुणी आलं नाही. ते आले. पुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अहवाल माझा आहे. विचारा."

सुरुवातीला लोकांनी खरंच विचारलं. लहान कारखाने का नको? त्यांनी त्या अहवालात लिहिलेली कारणं सांगितली, एकही स्वतःचं म्हणून पुढे केलं नाही की त्यांपासून हात झटकले नाहीत. मग एकानं ते द्राक्षांचं पान काढून मोठ्यानं वाचलं. हशा झाला. तो हशा वाईट होता, आणि त्याच्या शेवटी ओरडा सुरू झाला.

"सिंधुदुर्गात द्राक्षां खंय बगलंस रे म्हाताऱ्या?"

"आमच्या चुली इजवन तुका काय मेळाला?"

मागून कुणीतरी टरफलांची मूठ फेकली. ती त्यांच्या पांढऱ्या शर्टावर आदळली, चिकाचे तपकिरी डाग उठले. त्यांनी ते झटकले नाहीत. प्रत्येक बोलणाऱ्याकडे मान वळवून बघत होते, कुणाचं बोलणं सुटू नये म्हणून धडपडल्यासारखे.

बाबांना राहवलं नाही. खरं काय ते सांगायला ते अर्धे उठले. काकीनं त्यांचा सदरा धरून खाली ओढलं.

"भावजी, बसा."

"अगो, पण तेंनी लिवक नाय ता..."

"बसा म्हणतंय मां."

आणि ती स्वतः उठली. सगळ्यांत लांबलचक तीच बोलली. घरी कधी न बोललेलं बोलली. सकाळी सवयीनं कामाला जायची तयारी करते आणि मग पायरीवर बसून राहते, हे. मैत्रिणी पांगल्या, कोण गोव्यात भांडी घासते, कोण कुठे, हे. शेवटी तिचा आवाज फाटला. "तुमी केलात ह्यां!" ती ओरडली. "तुमीच केलात!"

"होय," ते म्हणाले. "मीच केलं."

सभा संपली, लोक निघून गेले. मी त्यांना रिक्षात बसवलं. काकी बाहेर पायरीवर उभी होती. ती रिक्षाजवळ आली, आपल्या पदरानं त्यांच्या शर्टावरचा चीक पुसायला लागली. तो निघत नाही हे तिच्याहून जास्त कुणाला माहीत असणार? तरी पुसत होती.

"कातडेक लागूक नाय मां? भाजता तो."

"नाही. आपण निवांत घरी जा," ते म्हणाले.

लागला होता. मानेवर फोड आले होते, ते घरमालकिणीनं मला नंतर सांगितलं. डॉक्टरकडे ते गेले नाहीत. बाजारातही जाणं टाकलं नाही. लोक तोंडावर बोलायचे, पाठीमागे थुंकायचे. एका चहावाल्यानं चहा दिला नाही, तेव्हा त्याचेही त्यांनी आभार मानले. पुढच्या पावसाळ्यात छातीत दुखू लागलं आणि ओरोसच्या इस्पितळात ते वारले. विजयदुर्गहून पुतण्या आला. पाऊस थांबत नव्हता, लाकडं ओली होती, आम्ही मोजकीच माणसं होतो. काकी माझ्याबरोबर आली होती. परतताना सगळ्या वाटेत ती एकदाच बोलली. "त्या बायलांनी तेंका खुर्ची दिल्यानी नसती तर बरां झाला असता."

संस्थेनं शोकसंदेश काढला. त्यात त्यांना आमच्या काजू धोरणाचा शिल्पकार म्हटलं होतं.

परवा संध्याकाळी मी बंदरावर मासे घ्यायला गेले होते. काकीच्या कारखान्यातली एक जुनी बाई आता तिथे दुसऱ्याची कोळंबी सोलायला बसते. तिनं मला ओळखलं, बसायला पाट सरकवला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग विषय तिथेच आला, जिथे तो आमच्याकडे नेहमी येतो. तिनं त्या म्हाताऱ्याला एक सणसणीत शिवी घातली. मग हात थांबवून माझ्याकडे बघितलं.

"तू तेच्याबरोबर होतंस मां गो? कोण कोण म्हणतत, तेना नाय लिवल्यान म्हणान. खरां काय तां?"

लिलाव सुरू झाला होता, माणसं टोपल्यांभोवती दाटली होती. ती उत्तराची वाट बघत होती.

"नाय," मी म्हटलं. "तेनीच लिवल्यानी."